ओनोच्या खोऱ्यातून येणारी पत्रे

शास्त्रपाठ : नहेम्या ६:१-१५, २ थेस्सलनीकाकरांस २:१-२ आणि ३:१७

यरुशलेमेचा कोट बांधून होत आला होता. तटाला कोठे खिंडार उरले नव्हते. फक्त वेशींना दारे बसवावयाची राहिली होती. अशा वेळी सनबल्लट व गेशेम यांनी नहेम्याकडे निरोप पाठविला की, ओनोच्या खोऱ्यातील एखाद्या गावी आपण भेटू या. शब्द सलोख्याचे होते; हेतू मात्र घातकी होता. हाती घेतलेले काम थांबवून खाली उतरणे आपल्याला जमणार नाही, असे नहेम्याने कळविले. तोच निरोप चार वेळा आला आणि चारही वेळा तेच उत्तर गेले. पाचव्या वेळी सनबल्लटाचा चाकर हातात उघडे पत्र घेऊन आला. नहेम्या बंड करून राजा होऊ पाहत आहे, अशी अफवा त्या पत्रात लिहिली होती. गोडीने काम झाले नाही, तेव्हा भीती घालून पाहिली.

प्रिय वाचकहो, या अध्यायावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले असतील. परंतु न बोलावता, पुन्हा पुन्हा, त्याच मजकुराची पत्रे पाठविणारा हा सनबल्लट आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी रोज येतो. तो आता चाकराला पाठवीत नाही. तो ई-मेलने येतो. सकाळी मुलाचे पत्र आले आहे काय म्हणून पाहावे, तर लॉटरी लागल्याची बातमी, स्वस्त औषधे, घरबसल्या कमाई, बँकेचे खाते बंद होणार असल्याची ताकीद अशा दहापाच पत्रांच्या ढिगाखाली ते मुलाचे पत्र दडलेले असते. त्या ढिगाला इंग्रजीत ‘स्पॅम’ म्हणतात. आपण त्याला केरकचरा म्हणू. या केरकचऱ्याशी ख्रिस्ती मनुष्याने कसे वागावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण त्यात वृद्धांच्या आयुष्यभराच्या बचतीचा, मंडळीतील परस्पर विश्वासाचा आणि आपल्या वेळेचा प्रश्न आहे.

ही पीडा आली कोठून, ते आधी पाहू. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या विक्री विभागातील गॅरी थर्क यांनी आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात आर्पानेट या संगणक-जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना एकदम पाठविली. ही पहिली नकोशी पत्रे समजली जातात, आणि तक्रारीही लगेच सुरू झाल्या. स्पॅम हे नाव मात्र खाण्याच्या वस्तूचे. १९३७ मध्ये अमेरिकेतील हॉर्मेल कंपनीने डबाबंद मांस या नावाने विकावयास काढले. १९७० साली ब्रिटनमधील मॉन्टी पायथन या मंडळींच्या दूरदर्शनवरील प्रहसनात हे नाव इतक्या वेळा ओरडले जाते की दुसऱ्या कोणाचे बोलणे ऐकूच येऊ नये. नाव पडले ते यावरून. खरे बोलणे गोंगाटात बुडविणे, हेच या पत्रांचे काम आहे.

ती थांबत का नाहीत? कारण त्यांना खर्च जवळजवळ नाही. पोस्टाने एक लाख पत्रे पाठवावयाची तर एक लाख तिकिटे लावावी लागतील. ई-मेलने एक लाख पत्रे पाठवावयास तितका भुर्दंड नाही. लाखात एकाने जरी उत्तर दिले, तरी पाठविणाऱ्याचे भागते. म्हणून बाकीच्या नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव लोकांना झालेला त्रास तो जमेस धरीत नाही. संगणक-सुरक्षेचे काम करणाऱ्या कंपन्यांच्या अंदाजानुसार जगात फिरणाऱ्या ई-मेलपैकी निम्म्याच्या आसपास पत्रे असलीच असतात. अमेरिकेने २००३ साली यासाठी वेगळा कायदा केला, तरी ती थांबली नाहीत. तेव्हा ही पत्रे येणारच असे धरून चालावे, आणि आपण काय करावे ते शास्त्रातून शिकावे.

पहिली गोष्ट : तटावरून खाली उतरू नये

नहेम्याने सनबल्लटाशी वाद घातला नाही. पाचव्या पत्रातील आरोप खोटा आहे, एवढेच त्याने सांगितले, देवाजवळ बळ मागितले आणि तो कामाकडे वळला. कोणी म्हणेल की, नहेम्याने उत्तरे तर पाठविली होती. होय, परंतु पत्र कोणाचे आहे हे त्याला ठाऊक होते. आपल्याला ते ठाऊक नसते. आपल्या बाबतीत उत्तर देणे हेच खाली उतरणे होय. रागाने लिहिलेल्या उत्तरातूनसुद्धा पाठविणाऱ्याला एकच गोष्ट कळते : हा पत्ता चालू आहे, येथे मनुष्य राहतो. मग तो पत्ता दुसऱ्यांस विकला जातो आणि दहा पत्रांच्या जागी पन्नास येऊ लागतात.

अशा पत्राखाली, ही पत्रे नको असल्यास येथे दाबा, अशी ओळ पुष्कळदा असते. येथे भेद करावा. ज्या दुकानाला किंवा संस्थेला आपण स्वतः पत्ता दिला, तिच्या पत्राखालील ती ओळ दाबण्यास हरकत नाही. परंतु अनोळखी मनुष्याच्या पत्रातील काहीही दाबू नये, सोबत जोडलेली फाइल उघडू नये. अशा पत्रातील चित्रांतही कधी कधी अशी योजना असते की, चित्र उघडले की पत्र वाचल्याची वर्दी पाठविणाऱ्याला जाते. म्हणून पत्र न उघडता त्यावर स्पॅमची खूण करावी आणि पुढे जावे. दुकानांसाठी, नोंदण्यांसाठी वेगळा पत्ता ठेवावा. घरच्यांचा व मंडळीचा पत्ता वेगळा असावा.

हे सर्व दोन मिनिटांत होते. परंतु कित्येकांचा दिवस त्या ढिगात जातो. पत्र वाचावयाचे, चिडावयाचे, शेजाऱ्याला दाखवावयाचे, पुन्हा पाहावयाचे. वेळेचा सदुपयोग करा, असे पौलाने इफिसकरांस कळकळीने सांगितले आहे. सकाळची ती घटका प्रार्थनेची असेल, तर ती ओनोच्या खोऱ्यात घालवू नये.

दुसरी गोष्ट : हस्ताक्षर पाहावे

बनावट पत्रे ही आजची युक्ती नव्हे. प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे, असे पौलाच्या नावाचे पत्र कोणी दाखविल्यास घाबरून जाऊ नका, असे थेस्सलनीका येथील मंडळीला त्याला लिहावे लागले. त्याच पत्राच्या शेवटी त्याने सलाम आपल्या हाताने लिहिला आणि हीच आपल्या प्रत्येक पत्राची खूण आहे, असे कळविले. प्रेषिताच्या नावालाही मंडळीने आंधळेपणाने भुलू नये, खूण तपासावी, अशी प्रेषिताचीच इच्छा होती. मग पत्रावर पाळकसाहेबांचे नाव दिसले एवढ्यावरून आपण पैसे का पाठवावेत?

हे आम्ही उगीच म्हणत नाही. २०१९ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तेथील उपासकांना जाहीर इशारा दिला होता की, लबाड लोक पाळकाच्या नावाने पत्रे पाठवून चांगल्या कामासाठी म्हणून भेटकार्डे विकत घ्यावयास लावतात आणि त्यावरील आकडे मागवून घेतात. आपल्याकडे भेटकार्डाऐवजी यूपीआयचा क्रमांक असेल, युक्ती तीच. पाळक अडचणीत आहेत, त्यांना फोन करू नका, ताबडतोब पैसे पाठवा, असा मजकूर असतो. फोन करू नका, या शब्दांतच लबाडी उघडी पडते. आपण नेमके तेच करावे : आपल्या वहीत पूर्वीपासून लिहिलेल्या क्रमांकावर पाळकांना फोन करावा, किंवा चालत जाऊन दार ठोठवावे.

बँकेच्या व सरकारी खात्यांच्या नावाने येणाऱ्या पत्रांनाही हाच नियम लावावा. वर दिसते ते नाव कोणीही घालू शकतो. त्यामागील पूर्ण पत्ता पाहावा. एक अक्षर बदललेले, जास्तीचा शब्द जोडलेला, असा तो असतो. पत्ता बरोबर दिसला तरी पैशाची गोष्ट असेल तर दुसऱ्या मार्गाने खात्री करावी, कारण खऱ्या मनुष्याचे खातेही चोरले जाते. ओटीपी आणि पासवर्ड कोणालाही सांगू नयेत. आणि जेथे घाई, भीती किंवा लोभ या तिहींपैकी एक दिसेल, तेथे थांबावे. शमायाने नहेम्याला मंदिरात लपण्यास सांगितले, तेव्हा ते भक्तीचे बोलणे वाटले. पण तो भाड्याने घेतलेला संदेष्टा होता. भीती दाखवून घाईने पाप करावयास लावणारा देवाचा दूत नव्हे, हे नहेम्याने ओळखले. भोळा मनुष्य प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवतो, असे नीतिसूत्रांत म्हटले आहे, आणि ते भोळेपणाची स्तुती म्हणून म्हटलेले नाही.

तिसरी गोष्ट : निदणाबरोबर गहू उपटू नये

आज पुष्कळसा केर आपल्यापुढे येण्यापूर्वीच चाळला जातो. या चाळणीच्या मागे जे गणित आहे, ते एका पाळकाच्या नावाने ओळखले जाते, हे वाचून आपल्याला नवल वाटेल. टॉमस बेझ हे इंग्लंडातील टनब्रिज वेल्स येथील प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक होते. ते १७६१ मध्ये निवर्तले. त्यांच्या मागे राहिलेला संभाव्यतेवरील निबंध त्यांचे मित्र रिचर्ड प्राइस, तेही पाळकच, यांनी १७६३ मध्ये प्रसिद्ध करविला. नवा पुरावा हाती आला की आपल्या आधीच्या अंदाजात किती फेर करावा, हे त्या गणितावरून काढता येते. २००२ साली पॉल ग्रॅहम या संगणकतज्ज्ञाने लेख लिहून ही पद्धत नकोशा पत्रांसाठी लोकप्रिय केली. कोणते शब्द केरकचऱ्यात अधिक येतात आणि कोणते खऱ्या पत्रांत, हे यंत्र मोजते, आणि नवे पत्र कोणत्या बाजूचे असण्याचा संभव जास्त आहे ते ठरविते. आपण स्पॅमची खूण करतो, तेव्हा त्या यंत्राला आणखी एक धडा मिळतो.

परंतु चाळणी चुकते. नोकरीच्या मुलाखतीचे पत्र, रुग्णालयाचा अहवाल, दूरच्या मंडळीची प्रार्थनेची विनंती कधी कधी त्या केरात जाऊन पडते. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात दासांनी निदण उपटण्याची परवानगी मागितली, तेव्हा त्याबरोबर गहूही उपटला जाईल, म्हणून धन्याने त्यांना थांबविले. तो दाखला शेवटच्या न्यायाविषयी आहे. ई-मेलविषयी अर्थातच नाही. तथापि धन्याची ती काळजी आपण उचलावी. आठवड्यातून एकदा केराच्या पेटीत नजर टाकावी, कारण कित्येक ठिकाणी तीस दिवसांनी ती आपोआप रिकामी होते. गहू सापडला तर तो केर नव्हे अशी खूण करावी. संशयाने सर्वांनाच दार बंद करणे म्हणजे शहाणपण नव्हे. सापासारखे चतुर आणि कबुतरासारखे साधे असावे, असे प्रभूने शिष्यांना सांगितले. आपण बहुधा दोहोंपैकी एकच होतो.

चौथी गोष्ट : आपण स्वतः काय पाठवितो?

येथे बोट आपल्याकडेच वळते. जुन्या वाचकांना पोस्टकार्डे आठवत असतील : अमुक इतक्या जणांना हे पत्र लिहा, लिहिल्यास लाभ होईल, न लिहिल्यास संकट येईल. ख्रिस्ती माणसांनी ती सैतानी भीती म्हणून फाडून टाकावयास हवी होती, आणि कित्येकांनी टाकलीही. आज तेच पत्र प्रभूच्या चित्रासह येते : दहा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत आशीर्वाद मिळेल. आणि उपासनेला नियमित येणारे लोक ते पाठवितात! आशीर्वाद कृपेने मिळतो की दहा जणांच्या यादीने? जो देव आपल्याला येशू ख्रिस्तामध्ये फुकट देतो, तो पत्रे मोजीत बसला आहे, असे ते पत्र सांगते. हे शुभवर्तमान नव्हे.

मंडळीच्या चिटणिसांनाही एक विनंती आहे. वर्गणीचे स्मरणपत्र दोनशे जणांना पाठविताना सर्वांचे पत्ते सर्वांना दिसतील असे घालू नयेत. बीसीसीच्या रकान्यात घालावेत. एकाचे खाते फुटले तर दोनशे पत्ते लबाडांच्या हाती जातात. ज्यांना पत्रे नको असतील त्यांची नावे आनंदाने कमी करावीत. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते, तसेच आपण त्यांच्याशी वागावे, हा प्रभूचा नियम पेटीत पडणाऱ्या पत्रालाही लागू आहे.

पाचवी गोष्ट : जो फसला त्याच्याजवळ जावे

ही सर्वांत महत्त्वाची. एखाद्या मंडळीतील निवृत्त शिक्षक किंवा विधवा भगिनी अशा पत्राला बळी पडते. मुले दुबईत किंवा पुण्यात. घरी विचारावयास कोणी नाही. निवृत्तिवेतनाची शिल्लक जाते. त्यानंतर काय होते? ती व्यक्ती गप्प बसते. मुलगा रागावेल, सून हसेल, मंडळीत चर्चा होईल, या लाजेने ती कोणाला सांगत नाही. आणि लवकर सांगितल्यास जे वाचले असते तेही जाते. लुटारूने पैसे नेले, पण तिचे तोंड आपल्या बोलण्याने बंद केले.

यरीहोच्या वाटेवर पडलेल्या मनुष्याला, या वाटेने एकटा का आलास, असे शोमरोन्याने विचारले नाही. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसविले आणि खर्च आपल्याकडे घेतला. आपणही तेच करावे. त्याच घटकेस राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांक १९३० वर फोन लावून द्यावा, बँकेला कळवावे, केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार लिहावयास मदत करावी आणि ती पत्रे पुरावा म्हणून जपून ठेवावीत. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली गुन्हा आहे, आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जितके लवकर कळवावे, तितका पैसा वाटेत अडविला जाण्याचा संभव अधिक. पण त्याआधी त्या भगिनीजवळ बसून, यात तुमची लाज नाही, असे म्हणावे. ते वाक्य तिला मंडळीकडून ऐकावयास मिळाले पाहिजे.

आणि पाठविणाऱ्याचे काय? त्याच्यासाठीही प्रार्थना करावी लागेल. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले की, म्यानमारमध्ये किमान एक लाख वीस हजार आणि कंबोडियात सुमारे एक लाख माणसांना डांबून ठेवून ऑनलाइन फसवणुकीचे काम बळजबरीने करावयास लावले जात असावे. त्यांत भारतातून नोकरीच्या खोट्या जाहिरातींना भुलून गेलेले तरुणही सापडले आहेत. एका खोट्या पत्राने त्यांना नेले, आणि आता दुसऱ्यांना खोटी पत्रे लिहावयास लावले. प्रत्येक लबाड पत्रामागे असा बंदिवान असतो असे नव्हे. पुष्कळ जण उघड चोर आहेत. परंतु पडद्यामागे कोण आहे हे आपल्याला दिसत नाही. म्हणून पत्राला उत्तर देऊ नये, पैसा देऊ नये, तक्रार अवश्य करावी, आणि शाप मात्र देऊ नये. परदेशी नोकरीची भाषा बोलणाऱ्या आपल्या तरुणांना, कंपनी कोणती, करार कोठे, परवाना कोणाचा, हे तरुण संघाने विचारावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. नहेम्याचा हा अध्याय शिकविताना मोठ्या वर्गातील मुलांना घरी एक काम द्यावे : आजीआजोबांच्या शेजारी बसून त्यांची ई-मेलची पेटी एकदा एकत्र पाहावी. खरे पत्र कोणते, खोटे कोणते, हे मुलांनी यंत्रातून दाखवावे; गोड बोलणाऱ्या मनुष्याला कसे ओळखावे, हे आजोबांनी अनुभवातून सांगावे. दोघेही शिकतील. आणि शंका आली तर विचारावयास घरात कोणी आहे, एवढे तरी आजोबांना कळेल.

बावन्न दिवसांत, अलूल महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी तो कोट पूर्ण झाला. सनबल्लटाची पत्रे थांबली म्हणून तो पूर्ण झाला नाही. तोबीया तर त्यानंतरही भीती घालणारी पत्रे पाठवीतच होता, असे त्याच अध्यायाच्या शेवटी लिहिले आहे. पत्रे येत राहिली, आणि तटावरचे हात चालत राहिले. आपल्या घरीही उद्या सकाळी ती येतील. खूण तपासावी, केर बाजूला सारावा, फसलेल्याचा हात धरावा आणि आपल्याला नेमून दिलेल्या तटावर परत चढावे.

हे प्रभू, आमच्या हातांना बळ दे, आमच्या वृद्धांचे रक्षण कर, आणि जे बंदीत असून लबाडी लिहीत आहेत त्यांना मोकळे कर. आमेन.